एस्किलच्या टाचेला सुरकुत्या पडेपर्यंत

आमच्या या डॅनिश बेटावर घराचे वासे चढले की टोकाला हिरवा हार बांधतात आणि मालक सुतारांना बिअर, सॉसेज देतो. मागच्या मे महिन्यात मालक मी होतो आणि हार बांधणारा शेजारचा एस्किल सुतार. उतरताना तो शिडीवरून घसरला आणि उजव्या टाचेवर आदळला. आम्ही सगळे सॉसेजभोवती. कोणी पाहिलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. दुसऱ्याच्या आनंदात आपलं रडगाणं कशाला, ही इथली सगळ्यांचीच खोड. दोन तास फळ्यांवर बसून राहिला.

इथल्या रीतीप्रमाणे घरासाठी नऊ वेळा हुर्राची आरोळी द्यायला सगळे उभे राहिले, हा बसलेलाच. मी म्हणालो, "काय रे, माझ्या घरासाठी उठवत नाही होय?"

"तुझ्या बिअरने जडावलोय."

लोक हसले. सगळ्यात मोठ्याने मी.

टाचेच्या हाडाचे तुकडे झाले होते. शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर इंगर म्हणाली, "पाय भोपळा झालाय. सूज उतरून कातडीवर सुरकुत्या दिसेपर्यंत मी चिरणार नाही. आणि तंबाखूचा पाइप बंद, नाहीतर जखम भरायची नाही."

"मग छपरावर कधी चढू?"

"आधी सुरकुत्या."

त्याच्या बायकोने, ग्रेठेने, पहाऱ्याला मलाच बसवलं. पाय उशांवर टाकून हा आडवा, समोर मी.

"एकच झुरका दे."

"छप्पर हवंय की पाइप?"

"तू एवढा शहाणा कधीपासून झालास?"

"तू पडलास तेव्हापासून."



अकराव्या दिवशी घोट्याखाली बारीक सुरकुत्या आल्या. त्या बघून एवढा खूश झालेला अठ्ठावन्न वर्षांचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. इंगरने तुकडे जुळवून धातूची पट्टी आणि सात स्क्रू बसवले. "मी आठ मारले असते," हा म्हणाला. तीन महिने पाय टेकायचा नव्हता.

ऑक्टोबरात तो माझ्या अंगणात आला. छप्पर एव्हाना दुसऱ्यांनी पुरं केलं होतं. त्याने शिडी लावली आणि तिसऱ्या पायरीवर थांबला. टाच वजन घेत होती, पण बाजूला झुकत नव्हती; उतरत्या छपरावर तर पाय तिरका टेकावाच लागतो. मला चारपाच विनोद सुचले. एकही केला नाही. तो सावकाश उतरला.

"आता खिडक्या करीन," म्हणाला. "त्या जमिनीवर उभं राहून होतात."

माझ्या आराखड्यात पाच होत्या. मी सात सांगितल्या.

"सहावी आणि सातवी कुठे बसवणार?"

"तू कर तर. भिंत मी शोधतो."