आणखी कुठलं नाव होतं का?

आमच्यात लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. मीही लिहिलं. ती ताटाकडे बघत राहिली, कारण तिला आधी कुणी काही विचारलंच नव्हतं. एवढ्या हौसेनं निवडलेल्या त्या नावानं मी तिला कधी हाक मात्र मारली नाही. कायम ‘अगं’च.

न्यूझीलंडच्या रेसिडेन्सीचा, म्हणजे इथं कायम राहण्याच्या परवानगीचा फॉर्म मी भरला, ओटाहुहु उपनगरातल्या भाड्याच्या घरात. लग्नाची नोंदणी, पासपोर्ट, सगळं नव्या नावाचं. जुनं नाव उरलं होतं फक्त तिच्या बी.एड.च्या सर्टिफिकेटवर. फॉर्ममध्ये प्रश्न होता: याआधी आणखी कुठलं नाव होतं का? ‘हो’ म्हटलं की पुण्याहून नवे कागद, पोलिसांचा आणखी एक दाखला, म्हणजे चार-सहा महिने गेले. माझा व्हिसा संपत आला होता. मी ‘नाही’वर टिक केली.

“अहो, पण माझं बी.एड.?”

“नंतर बघू गं.”

रेसिडेन्सी मिळाली. तिनं लगेच सर्टिफिकेट बाहेर काढलं, इथं शिक्षिका म्हणून नोंदणी करायची म्हणून. मी म्हणालो, “ते नाव आता बाहेर काढलंस तर खोटं सांगितलं म्हणून दोघांनाही परत पाठवतील.” हे खरं होतं का? मला माहीत नव्हतं. मी कुणाला विचारलंही नाही. ती घाबरली, आणि मला तेवढं पुरलं.

दहावीला गणित शिकवलेली ती बाई ईस्ट टामाकीच्या गोदामात अकरा वर्षं खोकी भरत होती. कधी घरी येऊन म्हणायची, “आज चारशे बारा. बेरीज अजून येते हं मला.” मी हसायचो.

दोन वर्षांपूर्वी ती अप्पर हट या गावी आमच्या मुलीकडे गेली, “थोडे दिवस” म्हणून. जाताना सर्टिफिकेटची फाइल घेतली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. आता कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध घेताना दुकानदार कसा आहेस विचारतो. मी इथल्यांसारखं “स्वीट ॲज”, म्हणजे मस्त, म्हणतो. कित्येक दिवस माझं बोलणं तेवढंच होतं.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला.

“मी नोंदणीला अर्ज करतेय. दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र लागतं. मला दोन्ही नावांनी ओळखणारं इथं कोण आहे, तुमच्याशिवाय?”

“आणि त्या फॉर्मचं?”

“वकीलबाईंना विचारलं. आपणहून सांगितलेलं बरं, म्हणाल्या. पण टिक तुम्ही केली होती. तुम्ही बघा.”

शनिवारी लायब्ररीत गेलो. तिथं जस्टिस ऑफ द पीस बसतात, कागदावर आपली सही त्यांच्यासमोर करायची. त्या दिवशी एक म्हाताऱ्या बाई होत्या. “किया ओरा” असा माओरी नमस्कार करून त्यांनी कागद ओढून घेतला.

“दोन नावं कशी?”

“आमच्यात लग्नात नवरा बदलतो.”

“तिला विचारून?”

“नाही.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “ते यात लिहायची गरज नाही.”

“पण आणखी एक ओळ लिहायची आहे,” मी म्हणालो, आणि लिहिली: रेसिडेन्सीच्या फॉर्ममध्ये हे नाव मी लपवलं. तिनं नाही, मी.

“नक्की?” बाईंनी विचारलं. “सही झाली की मागे घेता येणार नाही.”

मी सही केली. पुढे काय होईल ते अजून कळलेलं नाही.

बाहेर बाकावर बसून फोन लावला.

“बोला.”

“अगं,” म्हणालो आणि थांबलो. मग तिचं नाव घेतलं, आईवडलांनी ठेवलेलं. माझ्याच तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकत होतो.

“सही केली,” मी सांगितलं.

“तारीख टाकलीत ना?” तिनं विचारलं.

“टाकली.”

“बरं.”