फाऊल मोजत नाहीत

मालक माइकवर बोलत होते आणि अख्खं गाव हसत होतं.

मांजरसुंब्याच्या फाट्यापासून मला उघड्या जीपमधून आणलं. गावाच्या चौकात मांडव. जेसीबीच्या बकेटमध्ये दोघंजण झेंडूची फुलं घेऊन बसलेले. क्रेनला टांगलेला हार माझ्या अंगावर सोडला, फोटो काढले, आणि लगेच तोच हार ओढून मालकांच्या अंगावर घेतला. त्यांचे फोटो जास्त वेळ चालले. स्टेजच्या मागं भला मोठा फ्लेक्स होता. त्यात मालक कमरेपासून वर, हसत उभे. त्यांच्यासमोर मी, हात जोडलेले, मान खाली. माझ्या छातीवर देशाचं नाव होतं, पण वाकल्यामुळं ते वाचता येत नव्हतं.

"पोरगं मेडलच्या दारात उभं होतं बरं का," मालक सांगत होते. "गोळा गेलता. लई लांब गेलता. तेवढ्यात मी हाक मारली. आन् ह्यानं काय केलं? मेडल सोडलं, पर माझ्याकडं पळत आलं! तिथं, परदेशात, जगाच्या समोर हात जोडले! ह्याला म्हणत्यात निष्ठा. ही कुठल्या शाळेत शिकवत न्हाईत."

टाळ्या. शिट्ट्या. कुणीतरी ताशावर काठी मारली.

माझ्या बापानंही टाळ्या वाजवल्या. आम्ही त्याला दादा म्हणतो. दादा स्टेजच्या पायरीशी, सगळ्यांनी चपला काढल्या होत्या तिथं उकिडवा बसला होता. समोर खुर्च्या मांडलेल्या होत्या. पहिल्या रांगेत दोन-तीन तर रिकाम्याही होत्या. पण मालक उभे असताना दादा खुर्चीत बसलेला मी जन्मात पाहिला नाही. वर बघून तो टाळ्या वाजवत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला अभिमान वाटत होता. माझा नाही. माझ्या वाकण्याचा.

खरं काय झालं ते मी सांगतो. त्यांनी सांगितलं तेही खोटं नाही. म्हणून तर जास्त लागतं.

मालक म्हणजे आमच्या गावचे पुढारी. नदीकाठची चांगली जमीन त्यांची, सोसायटी त्यांची, दसऱ्यानंतर आम्हाला ऊसतोडीला नेणारा मुकादम त्यांच्या चुलत्याचा पोरगा. कुठल्याशा क्रीडा संघटनेचेही ते पदाधिकारी. आयुष्यात कधी एसटी पकडायलाही पळाले नसतील, पण देशाच्या संघाबरोबर परदेशी जाणाऱ्या माणसांत त्यांचं नाव माझ्या नावाआधी पक्कं झालं होतं. ब्लेझरही त्यांना मापाचा मिळाला. माझा खांद्यात बसत नव्हता. मी तो हातावर टाकून फिरलो.

आई आणि दादा मिळून एक कोयता. आमच्याकडं नवरा-बायकोची जोडी अशीच मोजतात. मी हाताशी आलो तेव्हा माझा अर्धा कोयता धरायला लागले. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. फळी नाचते, खाली चिखल, मागून दुसरा मोळी घेऊन येतच असतो. माझे पाय तिथं तयार झाले, मान तिथं तयार झाली. पुढं शाळेच्या वसतिगृहात राहिलो आणि तिथल्या खेळाच्या सरांनी एक दिवस माझ्या हातात लोखंडी गोळा दिला. "हा डोक्यावर न्हाई घ्यायचा," सर म्हणाले. "मानेला लावायचा आन् फेकून द्यायचा." मला त्या वाक्याचं हसू आलं होतं. वजन फेकून द्यायचं असतं हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

सरसुद्धा ह्याच मातीतले. त्यांनी मला सगळं शिकवलं, आणि सगळ्यात जास्त काय घोटून घेतलं असेल तर वर्तुळातून बाहेर पडणं. गोळा फेकल्यावर तोल सावरायचा. गोळा पडू द्यायचा. मग वळायचं आणि मागच्या अर्ध्या भागातून बाहेर यायचं. वर्तुळाच्या पुढच्या कडेला लाकडी फळी असते, तिच्यावरून पाय टाकला की फाऊल. फेक किती का लांब गेलेली असेना. सर मुद्दाम मागं उभं राहून मला नावानं हाक मारायचे आणि मी वळून त्यांच्याकडं जायचो. ह्यात माझी कधी चूक झाली नाही. गावच्या मैदानावर नाही, राज्याच्या नाही, देशाच्या नाही.

आणि मग तो दिवस. परदेशात, जगभरच्या खेळाडूंत, पुरुषांच्या गोळाफेकीची अंतिम फेरी. एवढा प्रकाश की स्वतःची सावली कुठं पडली ते कळेना. माझ्या आजूबाजूला डोंगराएवढी माणसं. त्यांतल्या एकाला मी वसतिगृहातल्या मोबाइलवर पाहून पाहून शिकलो होतो. तो माझ्या शेजारी बसून केळं खात होता. त्याचाही एक फाऊल झाला. त्याच्यासाठीसुद्धा लाल निशाणच वर आलं. तो जगातला एवढा मोठा, पण पंचानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं नाही, त्याच्या पायाकडं पाहिलं. मला ते इतकं आवडलं की मी माझी पाळी विसरून बघत राहिलो.

माझं नाव पुकारलं. उच्चार चुकला, पण पुकारलं पूर्ण, बापाच्या नावासकट. पांढऱ्या टोपीतल्या एका बाई पंचांनी वर्तुळाकडं हात केला आणि त्या थांबल्या. मी हाताला पावडर लावली, गोळा पुसला, श्वास घेतला. तोवर त्या थांबल्या. अधिकाराचं माणूस माझ्यासाठी थांबतंय हे मी पहिल्यांदा बघत होतो.

पहिल्या तीन फेकींनंतर पहिले आठ जण पुढं जातात. मी गेलो. चौथी फेक बरी झाली. पाचवीला गोळा बोटांवरून सुटला तेव्हाच मला कळलं. आपोआप तोंडातून ओरडणं निघालं. गोळा वर गेला, वर राहिला, आणि तिसऱ्या नंबरची खूण होती तिच्या पलीकडं जाऊन धप्पकन पडला. मी तोल सावरला. दोन्ही पाय वर्तुळात. माझ्या गावानं, माझ्या तालुक्यानं कधी स्वप्नात पाहिलं नसेल असलं काहीतरी तिथं जमिनीत रुतलं होतं. आता फक्त वळायचं होतं.

"ए! इकडं ये!"

नाना भाषांचा गलका चालला होता. त्यात तो आवाज. कठड्याशी मालक उभे. हातात मोबाइल, गावातल्या कार्यकर्त्यांना व्हिडिओ कॉल लावलेला.

माझा पाय गेला. मी विचार केला नाही, मी ठरवलं नाही. पाय गेला. फळीवरून, पुढून. मागून, प्रशिक्षकांच्या जागेवरून, सर ओरडले, "मागं! मागं वळ!" ते ऐकू आलं तेव्हा मी मालकांसमोर पोचलो होतो. हात जोडलेले. मान खाली.

मालक मोबाइलला सांगत होते, "बघा, आपलं पोरगं!" मग मोबाइल माझ्याकडं वळवला. "हात दाखव की बे."

मी हात दाखवला.

वळून पाहिलं तर लाल निशाण वर होतं. त्या बाई माझ्याकडं बघत होत्या आणि त्यांना काही समजलं नव्हतं. मेडलची फेक टाकून हा माणूस कुठं पळाला? गोळ्यानं जमिनीत केलेली खळगी मला लांबून दिसत होती. कुणीतरी आलं, ती बुजवली, पायानं सारखी केली. फाऊल मोजत नाहीत. सहाव्या फेकीला गोळा हातातून नुसता पडला. माझा नंबर चौथा आला.

सर मला एक शिवी देतील तर बरं, असं वाटत होतं. त्यांनी दिली नाही. बसमध्ये शेजारी बसले आणि एवढंच विचारलं, "कशापायी गेला बे?"

मला उत्तर देता आलं नाही. विमानात नाही, मुंबईत नाही. मला खरंच माहीत नव्हतं. मी स्वतःला मूर्ख म्हणत राहिलो, करंटा म्हणत राहिलो.

उत्तर मला त्या स्टेजवर मिळालं, दादाच्या टाळ्या ऐकताना.

मी सात-आठ वर्षांचा असेन. पोळ्याचा दिवस. मालकांच्या मळ्यात गड्यांची पंगत बसली होती. पुरणपोळी वर्षातून एकदा मिळायची आणि माझ्या तोंडात मोठा घास होता. मालकांनी ओट्यावरून हाक मारली, "ए, इकडं ये." मी चावत राहिलो. एवढंच. घास संपवून जाऊ म्हटलं. तेवढ्यात पाठीत असा रट्टा बसला की घास तोंडातून मातीत पडला. रट्टा दादाचा. त्यानं मला मानगुटीला धरून ओट्यापर्यंत पळवलं आणि माझं डोकं मालकांच्या पायांवर दाबलं. मालकांना काही कामही नव्हतं. पाहुण्यांना मी दाखवायचा होतो. "बघा, कसा दांडगा हाय. मोळी लई उचलंल." पाहुणे हसले. घरी जाताना दादा म्हणाला, "मालकानं हाक मारली का आदी पाय उचलायचा. बाकीचं मागून." पुढं कित्येक वर्षं मी तसाच पाय उचलत आलो. सरांनी मैदानावर जे घोटून घेतलं, त्याच्या कितीतरी आधी हे घोटून झालं होतं.

स्टेजवर मालकांनी माइक माझ्या हातात दिला. "बोल. दोन शब्द बोल."

मी बोललो. माइक दोन्ही हातांनी धरून बोललो.

"मालक, ती निष्ठा नव्हती. भ्या होतं. लहानपणी मार खाऊन अंगात बसलेलं भ्या. मी तुमच्यासाठी मेडल सोडलं न्हाई. माझं मेडल तुमच्या हाकेनं गेलं. आन् त्याचाच फोटो तुमी हितं लावला."

जेसीबीवरचे दोघं फुलं हातात धरून तसेच राहिले. मालकांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, नुसतं घट्ट झालं. त्यांनी दादाकडं पाहिलं. नुसतं पाहिलं.

दादा उठला. पायऱ्या चढून वर आला. मला वाटलं, माझ्या शेजारी उभा राहील. देवाशपथ सांगतो, मला एक क्षण तसं वाटलं. तो माझ्या बाजूनं पुढं गेला आणि मालकांच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाला, "पोरगं हाय, मालक. त्याच्या डोस्क्यात हवा गेली. मला मारा, पर पदरात घ्या."

मी त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवायला गेलो. तो उठेना. त्यानं अंग सोडून दिलं होतं. मी जोर लावला असता तर उठला असता, पण बापावर जोर लावायचा मला धीर झाला नाही. सगळ्या गावादेखत मी त्याच्या पाठीवर हात ठेवून रडलो. लोकांना वाटलं मी माफी मागतोय. परत टाळ्या वाजल्या.

घरी दादानं माझ्याकडं पाहिलं नाही. आईनं वाढलेलं ताट तसंच राहिलं. शेवटी म्हणाला, "तू जाशील निघून. आमाला हितंच ऱ्हायचंय. तुझं गोळ्याचं कौतुक कुणाला? दसऱ्याला टोळीत घेतलं न्हाई तर खायचं काय?" मी म्हणालो, "मी हाय ना, दादा." तो म्हणाला, "तू कोण हायस?"

त्याला वाईट म्हणवत नाही. त्याच्याही पाठीत कुणीतरी असाच रट्टा घातला असणार. पण त्या प्रश्नाचा सल जात नाही. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. ह्या वर्षी टोळी निघाली तेव्हा आई-दादाला घेतलं ते मालकांनी मोठेपणा दाखवून. पोराचं पाप बापाच्या माथी मारत नाही म्हणे. दादा ट्रकवर बसला. मी खाली उभा होतो. आईनं हात हलवला. त्यानं तोंड फिरवलं.

संघटनेकडून निरोप आलाय. स्टेजवर मालकांच्या पायावर डोकं ठेवायचं, चूक झाली म्हणायचं, तर संघाच्या पुढच्या सराव शिबिराला नाव जाईल. नाहीतर नाही. सर म्हणाले, "तू ठरीव. मी हाय."

मी ठरवलंय. डोकं ठेवणार नाही. शिबिराला घेतलं नाही तर गावाबाहेरच्या माळावर चुन्याचं वर्तुळ मारून फेकीन. फेकतोच आहे. निवड चाचणी सगळ्यांना खुली असेल तिथं जाऊन रांगेत उभा राहीन, आणि त्यांना माझं नाव खोडायचं असेल तर माझ्या समोर खोडावं लागेल. सर आता माझ्या मागं उभे राहत नाहीत. ते पुढं उभे राहतात, मालकांच्या आवाजात ओरडतात, "ए! इकडं ये!" पहिल्या दिवशी माझा पाय परत गेला. मला माझ्याच पायाची किळस आली. आता जात नाही. पोटरी थरथरते, पण पाय जात नाही.

मी परत त्या मोठ्या मैदानावर पोचेन. गोळा फेकीन, पडू देईन, वळेन आणि मागून बाहेर येईन. तेव्हा कठड्याशी मालक उभे असोत, अख्खं गाव असो. मालकांनी पुढं घातलेला माझा बाप हात जोडून मला हाक मारत असला, तरीही.