शांतावहिनींची बैठक

चार माणसं एका ऑफिसात दहा वर्षं राहिली, की फायलींपेक्षा किस्सेच जास्त साठतात. फायलींना निदान वाळवी तरी लागते. किस्स्यांना तीही लागत नाही! उलट दर वेळी सांगताना ते थोडे अंग धरतात.

आमचं ऑफिस भोरमधलं, हिवतापाचं. साल अडुसष्ट-एकोणसत्तरचा सुमार. फिरतीला आम्ही तिघं. मी म्हणजे धुमाळ, वेल्ह्याकडचा दांडगा शिळीमकर, आणि भोरचाच गायकवाड, अंगानं काडी आणि बोलण्यात मुका. आमच्यावर जोगळेकर साहेब. त्यांचं बिऱ्हाड पुण्यात आणि ते भोरात एका खोलीत.

काम सोपं होतं. सायकलवर टांग मारायची, गावात जायचं, घरापुढं उभं राहून ओरडायचं, "ताप आलाय का कुणाला?" कुणाला आलेला असला तर बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा, भिंतीवर तारीख घालून सही ठोकायची आणि पुढचं घर गाठायचं.

पण थंडी! पौषात सकाळी नदीवरचं धुकं रस्त्यावर चढायचं. हँडल धरलेली बोटं मोकळी करायला दुसऱ्या हाताची मदत लागायची. विजारीतून वारं असं शिरायचं की वाटावं, आपण विजार घालायला विसरलो की काय!

एकदा विंझरला पहिल्याच घरापुढं शिळीमकरनं सायकल थांबवली. दात वाजत होते. कसंबसं ओरडला, "त-त-ताप आ-आलाय का कु-कुणाला?"

आतून एक म्हातारबा काठी टेकत बाहेर आले. त्यांनी शिळीमकरला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मागं वळून हाक दिली, "सूनबाई, घोंगडं आण गं! तापाचा माणूस आलाय, पर तापच त्याला आलाय!"

*

थंडी तिघांनाही वाजायची, पण गायकवाडचे हाल वेगळे होते. अंगावर मांस नाही, सायकलची सीट दगडासारखी आणि रस्ता खडीचा. रोजची वीस-पंचवीस मैलांची रपेट. महिन्याभरात त्याला बसता येईना. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं, रिपोर्ट लिहायचा तोही खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवून उभ्यानं. "बस की रे," म्हटलं तर म्हणायचा, "उभाच बरा हाय."

शेवटी बिचाऱ्यानं बदलीचा अर्ज दिला. सायकल नसलेली कुठलीही जागा चालेल, म्हणून. मग ती जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला का असेना. खरं तर त्याला भोर सोडवत नव्हतं. आई थकलेली, पोरी इथल्या शाळेत जाणाऱ्या. पण करतो काय!

साहेबांनी अर्ज वाचला. "गायकवाड, बदली मागितलीस, पण कारण कुठंय?"

गायकवाडचे कान लाल झाले. "साहेब, कारण मागं हाय."

साहेबांनी कागद उलटा केला. पुन्हा सुलटा केला. उजेडाकडं धरला.

"मागं तर कोरं आहे!"

*

त्या संध्याकाळी गायकवाडची बायको, आमच्या शांतावहिनी, पदर खोचून उठल्या. बदली झाली तर घर मोडणार, हे त्यांना दिसत होतं. आधी त्या शिंप्याकडं गेल्या. म्हणाल्या, "विजारीला बुडाशी जाड गादी लावून द्या."

शिंपी चष्म्यावरून बघत म्हणाला, "बाई, म्या विजारी शिवतो. गाद्या शिवायच्या तर गादीवाल्याकडं जा."

गादीवाला म्हणाला, "म्या गाद्या शिवतो. विजारी शिवायच्या तर शिंप्याकडं जा!"

"मंग दोगंबी घरी बसा," म्हणून वहिनी निघाल्या त्या थेट आठवडी बाजारात. तिथं जुन्या कपड्यांचा ढीग असायचा. त्यातून त्यांनी एक जाडजूड खाकी स्वेटर उपसला. कोपरावर विरलेला, म्हणून कवडीमोलाचा. घरी आणून उलटा धरला. बाह्या खाली, घेर वर. झाली की विजार! बाह्यांत पाय, घेरात कंबर. विरलेल्या कोपरांवर, म्हणजे आता गुडघ्यांवर, ठिगळं. कमरेला नाडी. लोकर पायाला अशी घट्ट बसली की साखळीत अडकायची भीतीच गेली. राहिलं गळ्याचं भोक. ते आलं नेमकं बुडाखाली. वहिनींचा हात वाकळ शिवण्यात अख्ख्या आळीत नावाजलेला. त्यांनी जुन्या लुगड्याचे आठ पदर एकावर एक घातले, बारीक धावदोरा मारला आणि ती गादी त्या भोकावर बसवून टाकली.

दुसऱ्या दिवशी पहाटे गायकवाड ते घालून विहाराशेजारच्या आपल्या घरातून बाहेर आला. शेजारच्या सोनामावशी नळावर होत्या. त्यांनी पाहिलं आणि हातातली कळशीच सोडली.

"अगं शांते, दाजी उलटं झालं की गं! मुंडकं कुठं ठिवलं?"

गायकवाडनं सायकलवर टांग मारली. उत्रोलीपर्यंत गेला, परत आला, सायकल लावली आणि आमच्या देखत बाकावर बसला. चक्क मांडी घालून! मग साहेबांकडं जाऊन म्हणाला, "साहेब, माझा अर्ज माघारी द्या."

*

महिन्याभरात आम्हा तिघांच्याही अंगात ती विजार आली. शिळीमकरनं तिचं बारसं केलं, "बसायला केली ती बैठक!" नाव चिकटलं. "आज बैठक हाय का?" "माझी बैठक उसवली," "बैठक जरा सैल झालीय," असं आमचं चालायचं. साहेबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्ही वरून ढगळ हाफ पँट घालायचो आणि लांबून पायात मोजे आहेत असं वाटायचं.

एक दिवस गायकवाडला उशीर झाला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "गायकवाड कुठंय?"

मी बोलून गेलो, "साहेब, बैठकीची अडचण झालीय."

"कसली बैठक? मला का कळवलं नाही?"

"रोजचीच हाय, साहेब."

"रोज? रोज बैठक होते आणि मला पत्ता नाही? कुणी सुरू केली?"

"शांतावहिनींनी."

साहेब खुर्चीतून उठले. "माझ्या ऑफिसच्या बैठका गायकवाडची बायको ठरवते? बरं, मग आज काय झालं? पुढं ढकलली?"

शिळीमकर मान खाली घालून म्हणाला, "न्हाई साहेब. काल धुतली, आजून वाळली न्हाई!"

*

शिळीमकरच्या मांड्या म्हणजे उखळं. त्याच्या मापाचा स्वेटर मिळेना. शेवटी वहिनींनी बाजारातून कुठल्या तरी खेळाडूचा एक अजस्र पांढरा स्वेटर शोधला. त्याच्या पाठीवर लाल लोकरीनं इंग्रजीत मोठ्ठं 'कॅप्टन' विणलेलं होतं. वहिनींना इंग्रजी येत नव्हतं आणि शिळीमकरला स्वतःची मागची बाजू दिसत नव्हती. त्यात स्वेटर उलटा, त्यामुळं अक्षरंही उलटी. पण वाचणारा वाचायचाच. त्याची हाफ पँट फाटलेली होती, म्हणून तो नुसत्या बैठकीवरच निघायचा.

विंझरला पलटणीतून निवृत्त झालेले एक सुभेदार होते. मिशा पांढऱ्या, कणा ताठ. शिळीमकर त्यांच्या अंगणातून पुढं गेला, तशी सुभेदारांनी मान वाकडी करून अक्षरं लावली आणि हाक मारली, "ए जवान, थांब!"

शिळीमकर वळला.

"न्हाई, न्हाई, वळू नगंस! पुन्यांदा पाठ कर!"

त्यानं पाठ केली. सुभेदारांनी टाचा जुळवून कडक सलाम ठोकला. म्हणाले, "तीस वर्सं नोकरी केली. पर मागनं सलाम ठोकावा असा कॅप्टन पयल्यांदाच बघितला!"

*

माझी फजिती उत्रोलीची. तिथं एक आजी होती, तोंडाची लई फटकळ. मी सायकलवरून उतरलो तर तिची नजर माझ्या बुडाच्या फुगवट्यावर गेली.

"लेकरा, गळू झालंय व्हय? लई मोठं दिसतंय."

म्हटलं, "न्हाई आजी, ही गादी हाय."

"लाजू नगं रं! म्या काय परकी हाय?" आणि तिनं माझं काही न ऐकता चुलीवर अळशीचं पोटीस शिजवायला टाकलं. पानात बांधून, कढत कढत माझ्या हातात दिलं. "घरी जाऊन बायकूकडनं बांधून घे. दोन दिसात फुटंल."

मी मान डोलावली आणि सुटलो. पुढच्या मंगळवारी भोरच्या बाजारात मी सासऱ्यांबरोबर उभा होतो. भाजीच्या रांगेच्या त्या टोकावरून आजीनं मला ओळखलं. सगळा बाजार थांबावा अशा आवाजात ओरडली,

"आरं तापवाल्या! फुटलं का?"

*

हसण्यातली एक गोष्ट मात्र वेगळी आहे. वेल्ह्याच्या पलीकडं, डोंगराच्या कुशीत एक वाडी होती. तिथल्या एका लेकुरवाळ्या सुनेच्या रक्तात हिवताप निघाला. गोळ्या पाच दिवस रोज द्यायच्या आणि त्याही समोर उभं राहून गिळवायच्या, असा नियम. गोळी कडूजहर. माघारी फिरलं की माणूस थुंकून टाकायचा. गायकवाडनं वेल्ह्यात मुक्काम टाकला आणि पाच दिवस रोज उजाडताना त्या वाडीवर गेला. सायकल जाईल तिथवर सायकल, पुढं चढण पायी.

पहिल्या दिवशी सासू दारात आडवी उभी राहिली. "सरकारी गोळी न्हाई घ्यायची आमाला. दोन दिस येशील आन् गप होशील. थंडी काय थोडी हाय?"

गायकवाड एवढंच म्हणाला, "रोज यीन." आणि ती बाजूला होईपर्यंत उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

तो रोज गेला. तिसऱ्या दिवशी सुनेचा ताप हटला. चौथ्या दिवशी ती उठून तान्ह्याला घेऊन उन्हाला बसली. पाचव्या दिवशी सासूनं त्याला नाचणीची भाकरी वाढली आणि पेटीतून आपल्या लग्नातल्या लुगड्याचा मऊसूत तुकडा काढून दिला. "तुजी गादी पातळ झाली बग. कारभारणीला म्हणावं, ह्यो पदर आत घाल."

वर म्हणाली, "गोळी लई कडू, पर माणूस ग्वाड हाय!"

वहिनींनी तो पदर आत नाही घातला. वर घातला, दिसेल असा. हिरवा, बुट्ट्यांचा. गायकवाडनं हाफ पँट घालायचीच सोडली.

*

आणि आता साहेबांचा किस्सा.

त्या माघात पुण्याहून मोठ्या साहेबांची टूर आली. वेल्ह्याच्या वाटेवरची गावं ते जीपनं बघणार आणि जोगळेकर साहेबांनी दोन दिवस आधी सायकलवर जाऊन सगळ्या भिंतींवरच्या सह्या तपासून ठेवायच्या, असा हुकूम. साहेबांचं वय पन्नाशीला टेकलेलं. हुकूम वाचून त्यांनी खिडकीतून बाहेर धुक्याकडं पाहिलं, मग आमच्या पायांकडं पाहिलं.

दुपारी त्यांचा शिपाई शांतावहिनींकडं एक पुडकं देऊन गेला. आत एक मरून रंगाचा नवाकोरा स्वेटर. मनगटाशी पानांची नक्षी विणलेली. सोबत चिठ्ठी, 'बाई, एका गृहस्थांसाठी एक बैठक हवी आहे. माप माझ्याइतकंच धरावं.'

खरी गोष्ट अशी होती, की तो स्वेटर साहेबांच्या बायकोनं दिवाळीत विणून दिला होता. साहेब भोरात, त्या पुण्यात. माप अंदाजानं घेतलेलं. बाह्या वीतभर लांब झाल्या होत्या. साहेबांनी तसं पत्रानं कळवलंही होतं आणि स्वेटर ट्रंकेत ठेवून दिला होता.

वहिनींनी काम चोख केलं. साहेब वेल्ह्याला जाऊन आले, टूर पार पडली, मोठे साहेब खूश झाले. पण जोगळेकर साहेबांना त्या उबेची अशी सवय लागली, की ते ऑफिसातही पँटच्या आत ती घालून बसायला लागले.

आणि एका सकाळी काही न कळवता बाईसाहेब एसटीतून उतरल्या. थेट ऑफिसात. आम्ही तिघं उठून उभे राहिलो. साहेबही उठले.

बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. अंगात नुसता शर्ट.

"एवढी थंडी आणि स्वेटर घातला नाहीत? मी इतका जीव लावून विणला तो?"

साहेबांना खोटं बोलता येत नसे. हळूच म्हणाले, "घातलाय."

"कुठं घातलाय?" बाईंनी पुढं होऊन त्यांची कॉलर बाजूला केली. आत बनियन. बाही वर केली. आत हात. "कुठंय?"

साहेबांनी आमच्याकडं पाहिलं. आम्ही भिंतीकडं पाहिलं.

बाईंची नजर खाली सरकत गेली. शर्टावरून पट्ट्यावर, पट्ट्यावरून पँटीवर आणि पँटीवरून बुटांवर. तिथं, पँटीच्या काठाखालून, दोन बोटं मरून लोकर डोकावत होती. वर पानांची नक्षी.



बाईंनी पदर सावरला. खुर्ची ओढली, बसल्या आणि शांतपणे विचारलं, "बाह्या लांब झाल्यात म्हणून पत्र लिहिलं होतंत ना?"

साहेब म्हणाले, "हो. पण आता अगदी मापात आहेत."