स्वप्न विचारणारी बाई

सोलापुरातल्या हातमाग प्रदर्शनात माझ्या चादरींच्या गाळ्याशेजारी तिचा गाळा होता. ती कोलंबियातली, वायू नावाच्या आदिवासी जमातीची. रंगीत दोऱ्याच्या पिशव्या विणायची. चहा पितानाही हात थांबायचे नाहीत. दुभाषी मुलीमार्फत रोज सकाळी विचारायची, "रात्री स्वप्नात काय पाहिलंस?" त्यांच्यात म्हणे दिवस असाच सुरू होतो, गेलेली माणसं स्वप्नात येऊन निरोप सांगतात.

"काय बी न्हाय की," म्हणून मी चादरी झटकायला लागायचे. सकाळच्या घाईत कसली स्वप्नं!

एकदा मीच उलट विचारलं. तेव्हा तिचा हात पहिल्यांदा थांबला.

"घरी आई स्वप्नात यायची. इथं आल्यापासून आली नाही. एवढ्या लांबची वाट तिला कशी सापडणार?"

माझी आई तर इथंच, जवळच्या कुंभारी गावात वारली. तिला कुठली लांबची वाट?

प्रदर्शन संपलं, ती गेली. परवा पहाटे आई आली. "जेवलीस का गं?" एवढंच म्हणाली.

सकाळी दुकान उघडलं, चादरी झटकल्या. दिवसभर गिऱ्हाइकं भाव विचारून गेली. स्वप्न कुणीच विचारलं नाही.