पारनेरच्या अंगणातली शिडाची बोट

आमच्या नानांना पोहता येत नव्हतं. तरी त्यांनी बोट घेतली.

नाना म्हणजे माझे चुलते. पारनेरला हायस्कूलमध्ये भूगोल शिकवायचे. रिटायर झाले आणि अलिबागकडून एक जुनी फायबरची शिडाची बोट ट्रकवर घालून घरी आणली. छोटीशीच. आत दोघं झोपतील एवढी केबिन.

पारनेरात! जिथं उन्हाळ्यात प्यायला टँकर येतो.

सगळी गल्ली बघायला लोटली. "सर, समुद्र मागनं येतोय का?"
"ऑर्डर दिलीय," नाना म्हणाले.

बोट कुठं गळते ते बघायला ती पाण्यात सोडावी लागते. पाणी कुठाय? म्हणून नानांनी टँकर बोलावून बोटीतच गुडघाभर पाणी भरलं, आणि बाहेरून जिथं ओल दिसेल तिथं खडूनं खुणा करत फिरले. मास्तरच ते.

काकी दारातून ओरडली, "अवो, लोकं हंडे घेऊन पळत्यात, आन तुमी बोटीला पानी पाजताय?"

तेच पाणी पाइप लावून डाळिंबाला सोडलं, तेव्हा कुठं त्यांना चहा मिळाला.

दुरुस्त होऊन बोट परत कोकणात गेली. मग दर थंडीत आम्ही किनाऱ्या-किनाऱ्यानं हिंडायचो. दोऱ्या ओढायला कुणीतरी हवं म्हणून नानांनी मला शिकवलं.

पण त्यांना खरं हवं होतं ते एवढंच, की काकीनं एकदा बोटीत बसावं.

"चल ना गं."
"मला भ्या वाटतं. तुमी जावा."

नाना पुढं आग्रह करायचे नाहीत. काकी आमच्याबरोबर धक्क्यापर्यंत यायची, डबा हातात द्यायची आणि आम्ही येईपर्यंत तिथंच बसून राहायची.

मागच्या वर्षी आजच्याच दिवशी नाना गेले. झोपेतच.

अस्थी गोदावरीत सोडायचं सगळ्यांचं ठरत होतं. काकी म्हणाली, "समिंदरात. आन मी सोडनार."

एका हातात कलश, दुसऱ्या हातानं माझा दंड घट्ट धरून ती बोटीत चढली. सुकाणू माझ्याकडे होतं.

अस्थी सोडून झाल्या. मला वाटलं, आता म्हणेल चल परत. ती वर शिडाकडे बघत बसली. इंजिन बंद होतं, शिडात वारा भरलेला.

माझ्याकडे वळून म्हणाली, "आसं आसतंय व्हय हे?"

आणि मग ढसाढसा रडली.

"लई चांगलं हाय की गं. ह्या मानसानं एकदा तरी दटावून बसवायचं हुतं मला."

नाना, आम्हा दोघींची श्रद्धांजली.
काकीची जरा रागातली आहे. सांभाळून घ्या.