भिंतीवरची इटलीची बाई

लहानपणी मी भयंकर चौकस होते. कुणाकडं कोण पाहुणा आला, त्याच्या गाठोड्यात काय आहे, पाहुणी रडत आली का हसत, सगळं मला कळायलाच पाहिजे. आई म्हणायची, "हिला फौजदार करा, चोर आपल्या पायानं चालत येतील." त्यामुळं आमच्या शाळेच्या भिंतीवर ती बाई लागली तेव्हा सगळ्यांत जास्त प्रश्न कुणाला पडले असतील, ते सांगायला नको.

आमचं गाव कराडच्या अलीकडं, कृष्णेच्या काठाला. शाळा चौथीपर्यंत, मारुतीच्या देवळाला लागून. मी तिसरीत होते. लढाई चालू होती आणि गावातल्या निम्म्या घरांतली माणसं पलटणीत होती. माझे वडीलही. ते इटलीत आहेत एवढं आम्हांला कळलेलं होतं. घरात मी, आई, धाकटा भाऊ आणि आत्ती. आत्ती म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. लग्न होऊन वर्ष सरायच्या आत तिचा नवरा पटकीनं गेला आणि ती आमच्याकडं परत आली, ती कायमचीच. ऐन विशीतली असेल तेव्हा. मला आठवते ती काळ्या लुगड्यातली, मोकळ्या कपाळाची, सदा गोठ्यात नाहीतर जात्यापाशी असलेली आत्ती. घरात काही शुभ निघालं की ती आपण होऊनच मागल्या दारी जायची. कुणी जा म्हणायचं नाही आणि थांब असंही म्हणायचं नाही.

त्या साली सांगलीकडनं एक नवे मास्तर आले. तरणे होते, नाकावर चष्मा, आणि चित्रांचं भलतंच वेड. तोवर आमची चित्रकला म्हणजे पाटीवर आंबा, मग घागर, मग पुन्हा आंबा. मास्तर म्हणाले, "पुरे झाले आंबे. आता आपण जगातल्या मोठ्या चित्रकारांकडून शिकायचं." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पुठ्ठ्यावर डकवलेलं एक चित्र आणून फळ्याशेजारी खिळ्याला अडकवलं. कुठल्यातरी विलायती मासिकातलं पान होतं ते, तपकिरी पडलेलं.

एक बाई. जराशी तिरकी बसलेली, हातावर हात ठेवलेला. डोक्यावरून झिरझिरीत काळं काहीतरी घेतलेलं. मागं डोंगर, पाणी आणि नागमोडी वाट. मास्तर म्हणाले, हिला बघायला लांबलांबची माणसं येतात आणि नुसती बघत उभी राहतात. चित्रकार होता इटलीचा.

इटली म्हटल्याबरोबर सगळा वर्ग ताठ झाला. अहो, आमच्या बापांच्या गावची बाई!

आम्ही तिला बघून बघून घेतली. भुवया नव्हत्या. गळ्यात काही नाही, हातात बांगडी नाही. आणि हसते का नाही यावर तर वर्गात उभी भांडणं झाली. खिडकीकडं तरटावर बसणारी पोरं म्हणायची हसते, दाराकडची म्हणायची छट्, रुसलीय. मी दोन्हीकडं बसून बघितलं आणि आणखीच घोटाळ्यात पडले. एवढं काय बघतात लोक हिच्यात? आणि हसत असेल तर कशाला?

मास्तरांनी काम दिलं ते असं. आपापल्या घरातल्या बाईमाणसाला अगदी असंच बसवायचं आणि तिचं चित्र काढायचं. मागं त्यांचा डोंगर नको, आपला आगाशिव आणि आपली नदी. लढाईमुळं रंग मिळायची मारामार, तेव्हा हळद, काव, नीळ आणि काजळ कालवून घ्या म्हणाले. कुंचल्याला शिंदीच्या काडीचं टोक चावून घ्यायचं. कागद पाठकोरे, ते त्यांनीच वाटले. चित्रं पाटीपूजनाच्या दिवशी शाळेत टांगायची आणि गावानं बघायला यायचं.

काम मोठं झकास होतं, पण बोंबललं दुसऱ्याच दिवशी. एकाची आई पोराची विसरलेली भाकरी द्यायला शाळेत आली. तिनं भिंतीकडं बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

"आगं बया! कपाळ पांढरं हाय हिचं!"

झालं. दिवे लागायच्या आत गावभर झालं की मास्तरनं शाळेत एक रांडमुंड बाई टांगलीया, ती बी इटलीची, आणि आता गावातल्या सवाशिणींना तिच्यासारखं बसवून चित्रं काढणार हाय. तिकडं आमची माणसं इटलीत गोळ्या झेलतायत आणि इकडं हा उद्योग! एकही बाई बसेना. पोरांनी रडारड केली, मार खाल्ला. मास्तर बिचारे गोंधळून गेले. बाया त्यांच्याशी बोलेनात, आणि कशासाठी बोलत नाहीत हेही कुणी सांगेना. परक्या पुरुषाशी असलं बोलणार तरी कोण? शेवटी ते वैतागून म्हणाले, "माणसं बसत नसतील तर म्हशी काढा." मग काय, पोरांनी म्हशी काढल्या. तिरक्या बसलेल्या, पायावर पाय ठेवलेल्या. एकानं तर आपल्या आजोबाला बसवलं, मिशांसकट.

मला म्हैस काढायची नव्हती. आई भाकरी थापत होती तिथं जाऊन मी तिच्या मागं लागले. थोडाच वेळ बस, हात तेवढे असे ठेव, कपाळावर कुंकू काढीन की मी ठसठशीत. आईनं पीठ तसंच टाकलं.

"तुझा बाप तिकडं मरणाच्या दारात, आन् तू मला त्या बाईवानी बसवतीस? जीभ कशी झडली न्हाई तुझी?" आणि ती चुलीपुढं हुंदके देऊन रडायला लागली. मी घाबरून गेले. आईला एवढं भ्यालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

आत्ती वैरण टाकून आत येत होती. तिनं सगळं ऐकलं.

"वैनी, रडू नगा," ती म्हणाली. "मी बसते. माझं आता काय जायचं ऱ्हायलंय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी गोठ्याच्या सावलीत आत्ती बसली. बसली म्हणजे काय, नुसतं बसायचं तिला येतच नव्हतं. हातावर हात ठेवला की लगेच एक हात निसटायचा, लुगड्यावरचं कुसळ काढायचा, नाहीतर वासराची मान खाजवायचा. "हातांचं काय करू गं?" म्हणून तिनं मला भंडावून सोडलं. मी ओरडायची आणि ती हसायची. आत्तीला हसताना दात दिसतात हे मला त्या दुपारी कळलं.

मग तिचे प्रश्न सुरू झाले. मी चौकस कुणावर गेले तेही त्याच दुपारी कळलं.

"किती वर्साची आसंल ती?"

"तुझ्याएवढी."

"पोरंबाळं?"

"दिसत नाहीत."

"आन् तू म्हणतीस हसतीया?"

"निम्मी पोरं म्हणतात हसते."

आत्तीनं हातावरचा हात काढला. "कपाळ असं आसून चारचौघांत हसतीया, आन् लोक तिला बघाय लांबनं येत्यात? कुणी उठ म्हणत न्हाई?"

"नाही. उलट मधोमध टांगतात म्हणे, मोठ्या वाड्यात."

"खोटं," आत्ती म्हणाली. पण त्यानंतर तिचा हात हलला नाही. माझं चित्र होईस्तोवर ती आगाशिवाकडं बघत बसून राहिली. चित्र कसलं, बोटं केळीच्या घडासारखी आली होती. ती म्हणाली, "ही मी व्हय? नाक लय मोठं केलंस, भवाने." पण कागद तिनं बराच वेळ हातातनं सोडला नाही.

पुढचे सगळे दिवस तिचं एकच चाललं होतं. तिला ती बाई बघायची होती. खरंच हसते का, एवढंच बघायचं होतं. पण शाळेत जायचं तर पाटीपूजनाला, म्हणजे सणाला, आणि त्या दिवशी सवाशिणींच्या घोळक्यात आत्तीनं जायचं कसं? मी रोज विचारायची, येणार ना? ती म्हणायची, "बघू." लहान होते तरी कळत होतं मला. त्या "बघू"त तिचा जीव अडकला होता.

त्या सकाळी आत्ती धुतलेलं लुगडं नेसून दारात उभी राहिली.

आई म्हणाली, "वन्सं, आज सणाचं तुमी..."

"म्या कुणाच्या मधी येत न्हाई. भिताडाकडंनं बघते आन् फिरते माघारी."

आईनं भावाला कडेवर घेतलं आणि पुढं पुढं चालत राहिली, आमच्यात अंतर ठेवून. मला तिचा असा राग आला! आजही येतो, पण आता थोडा कमी.

शाळेत बाया जमल्या होत्या. मास्तरांवर राग होता, पण बघायची हौस रागापेक्षा मोठी. पाट्यांवर सरस्वती मांडल्या होत्या, झेंडूच्या माळा होत्या, आणि भिंतीवर म्हशींच्या रांगेत माझी आत्ती एकटी. आम्ही आत शिरलो तशी कुजबुज थांबली. एक म्हातारी मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणाली, "आज तरी घरात बसायचं हुतं." मी आत्तीचा हात घट्ट धरला. ती थांबली नाही. स्वतःच्या चित्राकडं तिनं बघितलंही नाही, सरळ त्या बाईपुढं जाऊन उभी राहिली.

किती वेळ बघत होती कोण जाणे. मग मास्तरांकडं वळली. गावातली कुठलीच बाई जे विचारत नव्हती ते तिनं विचारलं.

"आवं मास्तर, हिचा मालक कवा गेला?"

"गेला? कुठं?" मास्तर चष्मा सावरत म्हणाले. आणि मग त्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. "अहो नाही हो! नवरा होता की तिचा, चांगला धडधाकट. रेशमाचा मोठा व्यापारी. त्यानंच हौसेनं काढून घेतलं हे चित्र, असं म्हणतात."

"मग कपाळ?" चारपाच बाया एकदम म्हणाल्या.

"त्यांच्या मुलखात कुंकू लावतच नाहीत. कुणीच नाही."

असा काही हशा उसळला शाळेत! महिनाभर छातीवर ठेवलेला धोंडा सगळ्यांनी एकदम खाली टाकला. आई तर हसता हसता डोळे पुसायला लागली. कुणी म्हणालं, "मेल्या मास्तरा, हे आदी सांगायचं न्हाई व्हय!" कुणी म्हणालं, "बसू आता समद्या, काढा म्हणावं चित्रं."

आत्ती हसली नाही. ती अजून मास्तरांकडंच बघत होती.

"म्हंजे मालक आसल्याली आन् नसल्याली, दोगी सारख्याच दिसत्यात?"

"हो, तसंच म्हणायचं."

"बघून कुणाला कायबी कळत न्हाई?"

"नाही कळत."

हशा विरत गेला. आईनं पदर डोळ्यांवरनं खाली घेतला आणि आत्तीकडं बघितलं. आत्तीनं पुन्हा एकदा त्या बाईकडं नीट पाहून घेतलं, आणि हलक्या आवाजात, फक्त मास्तरांना ऐकू जाईल असं विचारलं,

"आपल्यातली बायामाणसं जात्यात का वो तिकडं?"