स्क्रीन वळवणारा ऑपरेटर

आमच्या पेणच्या मिठागर कामगार संस्थेची सभासदांची एक्सेल यादी नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायला एक ऑपरेटर रोह्याहून यायचा. प्रत्येक गोष्टीला "व्हय, व्हय" म्हणायचा, पण मी जवळ गेलो की स्क्रीन फिरवायचा. संस्थेची निवडणूक तोंडावर होती. तो कुणाची तरी नावं उडवतोय, असं मला वाटायचं.

एकदा मी हळूच मागे जाऊन उभा राहिलो. एकाच नावाच्या दोन बायकांपैकी एकीला सॉफ्टवेअर गाळत होतं. तो फोनवर सांगत होता, "काकी, आधार कार्ड घेऊन ये गो, नायतर तुझं मत जाईल."

"मग माझ्यापासून लपवतोस कशाला?" मी विचारलं.

"तुम्ही उभे हायत ना निवडणुकीला?"

मी दारापर्यंत मागे सरकलो. तरी त्याने कीबोर्डला हात लावला नाही. मी बाहेर पडायची तो वाट बघत राहिला.